ज्येष्ठांच्या हक्कांचं काम: लोक आम्हाला सारखे विचारतात ते प्रश्न

आधी थोडं आमच्याबद्दल. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा सात-आठ जणांचा गट आहे, मी त्यात नऊ वर्षं झाली काम करतेय. आम्ही बाजारच्या दिवशी बसतो, कारण त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं एसटीनं गावात येतातच आणि घरी कुणी विचारलंच "कुठं चाललीस" तर "बाजारला" एवढं सांगून निघता येतं. व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न यायला लागले म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी वकील नाही, कोर्टकचेरीचं जे कळतं ते खेटे घालून कळलंय, तेव्हा मोठी मिळकत अडकली असेल तर वकिलाला दाखवाच.

तुम्ही वृद्धाश्रम चालवता का? आमच्या आजोबांना ठेवायचंय.

नाही. हा फोन आठवड्यातून दोनदा तरी येतोच. आम्ही अर्ज लिहून देतो, सुनावणीला बरोबर येतो, तहसीलला पेन्शनच्या फायली शोधत हिंडतो, आणि जमलं तर घरी जाऊन बोलतो. वृद्धाश्रम हवा असेल तर सरकारच्या १९९५ च्या मातोश्री योजनेतले आहेत, खासगी आहेत, ट्रस्टचे आहेत. २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक, १५० जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असं लिहिलंय, पण "राज्य सरकार स्थापन करू शकेल" अशा भाषेत, म्हणजे केलंच पाहिजे असं नाही. त्या "शकेल" वर आमची किती निवेदनं खर्ची पडली ते विचारू नका.

तो २००७ चा कायदा म्हणतात तो नक्की काय देतो?

नाव लांबलचक आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. स्वतःच्या कमाईवर किंवा मिळकतीवर भागत नसेल तर आई-वडील मुलाकडं, मुलीकडं, सज्ञान नातवंडांकडं महिन्याचा खर्च मागू शकतात. आई-वडिलांना साठ वर्षांची अट नाही, हे लक्षात ठेवा, पंचावन्नची विधवा आईसुद्धा अर्ज करू शकते. मूलबाळ नसेल तर जो नातेवाईक मिळकत वापरतोय किंवा ज्याला ती वारसानं मिळणार आहे त्याच्याकडं मागता येतं.

अर्ज प्रांत ऑफिसात द्यायचा, तिथंच न्यायाधिकरण असतं. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर एकदा ३० दिवस वाढवून. जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये. हा दहा हजाराचा आकडा २००७ चा आहे बरं का, आज पुण्यामुंबईत त्यात दिवस-रात्रीची बाईसुद्धा मिळत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, ही मर्यादा काढायची, सून-जावयालाही जबाबदार धरायचं असं बरंच काही होतं त्यात, पण ते पासच झालं नाही आणि २०२४ ला लोकसभा बरखास्त झाली तसं तेही गेलं.

कायदा एवढा सोपा आहे तर अडतं कुठं?

हा खरा प्रश्न. आणि ह्याचं उत्तर "सरकार" असं देऊन मोकळं होता येत नाही, मी पहिली दोन वर्षं तेच देत होते.

अडतं ते अर्जावर सही करताना. माणूस आपल्यासमोर बसून तासभर सगळं सांगतो, जेवायला ताट बाहेर ओट्यावर येतं, चष्मा फुटून चार महिने झाले, पेन्शनचं एटीएम कार्ड मुलाकडं आहे, आणि आपण कागद पुढं केला की म्हणतो, नको ताई, राहू दे, गावात नाव खराब होईल त्याचं. पोराची लग्नाची पोरगी आहे. आज ना उद्या त्याला कळेल. आमच्या वहीत नऊ वर्षांत जितकी नावं आली त्यातल्या निम्म्याहून कमी लोकांनी सही केली, आणि सही केलेल्यातल्याही बऱ्याच जणांनी पहिल्या-दुसऱ्या तारखेला अर्ज मागं घेतला.

एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. मुलगा एमआयडीसीत कंत्राटावर. आजींनी स्वतःहून येऊन अर्ज दिला, अगदी ठाम, माझं मन बदलायचं नाही म्हणाल्या. सुनावणीची पहिली तारीख सोमवारची लागली. नोटीस निघाली आणि दुसऱ्या दिवशी आजी सकाळी साडेनऊलाच ऑफिसच्या पायरीवर हजर, कारकुनाला म्हणतात, "साहेब तेवढी तारीख बदलून द्या, गुरुवारची द्या. त्याला गुरुवारी सुट्टी असती. सोमवारी आला तर खाडा पडंल त्याचा." कारकून माझ्याकडं बघतोय, मी कारकुनाकडं. ज्या मुलानं महिन्याला दोन हजारसुद्धा दिले नाहीत म्हणून अर्ज केला, त्याचा एक दिवसाचा पगार बुडू नये म्हणून बाई सतरा किलोमीटर आली होती. मला तेव्हा थोडा रागच आला होता, खोटं कशाला सांगू. तारीख गुरुवारची मिळाली, मुलगा आला, समेट अधिकाऱ्यासमोर बसून महिना अडीच हजार आणि औषधाचं बिल असं ठरलं आणि ते तो देतो अजून, कधी उशिरा देतो पण देतो. पुढं मला वाटायला लागलं की तो आला आणि भांडला नाही ह्यात त्या गुरुवारचा मोठा वाटा होता.

तेव्हापासून आम्ही अर्ज लिहायच्या आधी एक प्रश्न विचारतो, "तुम्हाला काय झालं तर बरं वाटेल?" उत्तर क्वचितच पैसे असतं. "नातवाला माझ्या खोलीत झोपू द्यावं" असंही उत्तर आलंय. ते कुठल्या कलमात बसवायचं? बसत नाही, मग घरी जाऊन बोलावं लागतं, मामाला मध्ये घालावं लागतं, आणि ह्यात जाणारा वेळ कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

आई तयार नाही पण तिचे हाल बघवत नाहीत. मुलगी म्हणून किंवा शेजारी म्हणून मी अर्ज करू का?

आई स्वतः करू शकत नसेल तर तिनं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. म्हणजे कायद्यात वाट आहे. पण आई शुद्धीत आहे, समजूतदार आहे आणि नको म्हणते तर तिच्या डोक्यावरून अर्ज टाकायला आम्ही मदत करत नाही. आमच्यातच ह्यावर कडाक्याची भांडणं झालीत. एकजण म्हणतो, दबावाखाली असलेल्या माणसाचं "नको" ते कसलं नको. बरोबर आहे त्याचं. पण तिला संध्याकाळी परत त्याच घरात जायचंय, आपल्याला नाही.

मारहाण, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, औषध बंद करणं असेल तर मात्र वाट बघायची नाही, ११२ लावा. १४५६७ ही देशभराची ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, टोल फ्री, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीत बोलतात. तिथं फोन करायला नातं लागत नाही, शेजाऱ्यांनी केला तरी चालतो.

घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून दिलं, आता तो बघत नाही. परत मिळेल का?

मिळू शकतं, पण बक्षीसपत्रात काय लिहिलंय त्यावर बरंच काही आहे. ह्या एका विषयावर मी तासभर बोलू शकते, तरी थोडक्यात सांगायचा प्रयत्न करते.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक कर वेगळा. म्हणजे पन्नास लाखाचं घर दोनशेच्या मुद्रांकावर जातं. त्यामुळं "आबा, नंतर भानगड नको, आत्ताच करून टाकू, स्वस्तात होतंय" हे वाक्य घराघरात ऐकू येतं. रजिस्ट्रार ऑफिसबाहेर टायपिंगवाल्याकडं मजकूर तयारच असतो, राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, नैसर्गिक प्रेमापोटी. नावं आणि चतुःसीमा बदलल्या की झालं. आणि त्या तयार मजकुरात सांभाळायच्या अटीचं वाक्य नसतं!

कलम २३ असं सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि तो केला नाही तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं धरून रद्द करता येतो. २०२२ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं एका निकालात सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं "मुलगा बघत नाही" पुरेसं नाही. मग २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की हा ज्येष्ठांच्या भल्यासाठीचा कायदा आहे, तो उदारपणे वाचा, आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं. पण त्या केसमध्ये मुलानं सांभाळीन असं वेगळं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. तो कागद होता म्हणून बाजू भक्कम झाली, हे पेपरातल्या हेडलाइनमध्ये येत नाही आणि लोक कात्रण घेऊन आमच्याकडं येतात.

तेव्हा अजून सही केली नसेल तर: एक, शक्यतो बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा, ते हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. दोन, करायचंच असेल तर "माझे राहणे, खाणेपिणे व औषधोपचार यांची जबाबदारी घेण्याच्या अटीवर" असं स्पष्ट लिहून घ्या आणि हयातभर राहण्याचा हक्क स्वतःकडं ठेवा. टायपिंगवाला म्हणेल असं लिहीत नाहीत. लिहितात.

घर माझ्या नावावर आहे आणि सून त्रास देते, ह्या कायद्यानं तिला बाहेर काढता येईल ना?

हे फोन वाढलेत आणि खरं सांगायचं तर ह्यातले काही फोन मुलाच्या सांगण्यावरून आलेले असतात. नवरा-बायकोचं फाटलेलं असतं, घर सासऱ्याच्या नावावर असतं, मग सासऱ्याला पुढं करायचं आणि "ज्येष्ठांचा छळ" म्हणून सुनेला काढायचं. सुप्रीम कोर्टानं १५ डिसेंबर २०२० च्या निकालात हा रस्ता अडवलाय, बंगळुरूची केस होती. कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सुनेला सामायिक घरात राहण्याचा जो हक्क आहे तो ज्येष्ठांच्या कायद्याखाली झटपट आदेश काढून मोडता येणार नाही, दोन्ही कायदे जुळवून वाचा असं सांगितलंय.

सून खरंच मारते, शिव्या देते असंही असतं, नाही असं नाही. तशा केसेस घेतो. पण आधी सुनेशीही बोलतो, वेगळं बसून. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं तिनंच करायचं, नवरा हात लावत नाही, नणंदा दिवाळीला येऊन चुका काढून जातात, ह्याला काय म्हणायचं? ज्येष्ठांच्या हक्कांचं काम करणाऱ्यांनी घरातल्या ह्या बिनपगारी कामाबद्दल बोललंच पाहिजे असं माझं मत आहे, आमच्या गटातल्या काका लोकांना ते पटत नाही.

आणि हो, सासूबाई किंवा आई स्वतःही कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जाऊ शकतात, तो कायदा फक्त तरुण बायकांसाठी नाही.

लग्न झालेल्या मुलीकडं खर्च मागता येतो का?

येतो. १९८७ सालीच सुप्रीम कोर्टानं कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या केसमध्ये सांगितलं होतं. मुलीला वाटणीला बोलवायचं नाही आणि खर्चाला बोलवायचं, असा डाव दिसला की मी आधी वाटणीचं विचारते.

पोलीस म्हणतात "घरगुती मामला आहे, आपसात मिटवा". काय करायचं?

कलम २४ वाचून दाखवा. ज्याच्यावर सांभाळायची जबाबदारी आहे त्यानं ज्येष्ठाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूनं कुठं नेऊन सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना दखल घ्यावी लागते. आम्ही कलमाची झेरॉक्स बरोबर नेतो, लॅमिनेट केलेली, ठाण्यात टेबलावर ठेवतो, भांडत नाही. वादावादी केली की ते आजोबांनाच दोन तास बाकावर बसवतात, हे बघितलंय.

वकील द्यावा लागतो का?

कायद्याच्या कलम १७ प्रमाणे न्यायाधिकरणासमोर कुठल्याच बाजूनं वकील नको. हेतू चांगला होता, म्हाताऱ्या माणसाला खर्च पडू नये. प्रत्यक्षात मुलगा वकिलाकडून बारा पानी म्हणणं लिहून आणतो आणि आजोबांकडं हातानं लिहिलेलं पाऊण पान असतं. आमचं निम्मं काम हे पाऊण पान नीट करण्याचं आहे. तारखा घाला, रक्कम घाला, औषधाची बिलं जोडा, "फार त्रास होतो" असं मोघम लिहू नका.

९० दिवसांत निकाल लागतो का खरंच?

लागलेला पाहिलाय. चौदा महिने गेलेलेही पाहिलेत. प्रांत ऑफिसवर भूसंपादन, निवडणूक, पूर, महसुली अपिलं सगळंच असतं आणि ज्येष्ठांची केस म्हणजे आठवड्यातल्या एका दुपारी, तीही साहेब दौऱ्यावर नसले तर. एका ऑफिसात, नाव घेत नाही, तिसऱ्या मजल्यावर सुनावणी आणि लिफ्ट बंद. ब्याऐंशी वर्षांचे आजोबा प्रत्येक मजल्यावर टेकत वर गेले आणि वर गेल्यावर कळलं की आज कामकाज नाही. त्या दिवशी आम्ही अर्ज दिला की ज्येष्ठांची सुनावणी तळमजल्यावर घ्या. चार महिन्यांनी ऑर्डर निघाली, आता तळमजल्यावर रेकॉर्ड रूमशेजारी टेबल लावतात, धूळ खूप असते पण चढायचं तर नाही.

आदेश झाल्यावर गोष्ट संपत नाही हे मात्र आधीच सांगून ठेवते. मुलगा दोन महिने पैसे टाकतो आणि बंद करतो. थकबाकी झाली की वसुलीसाठी तीन महिन्यांच्या आत परत अर्ज द्यायचा, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. अनेक जण "देईल, देईल" म्हणत ही मुदत घालवतात. आम्ही आता आदेशाच्या दिवशीच कॅलेंडरवर, ते भिंतीवरचं मोठ्या चौकोनांचं, त्यावर लाल पेननं खुणा करून देतो. निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील.

मुलगा अमेरिकेत आहे, पैसे पाठवतो, पण आई एकटी. ह्यात तुम्ही काय करणार?

कायदेशीर फारसं काही नाही, खर्च मिळतोय. पण "पैसे तर पाठवतो ना" ह्या वाक्याखाली बरंच झाकलं जातं. दूर राहणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन की एकट्या राहणाऱ्या आईची पोलीस ठाण्यात नोंद करून ठेवा, शेजारच्या एका घरात किल्ली ठेवा, आणि बँकेचे ओटीपी आईकडून फोनवर मागायची सवय तुम्हीच लावू नका, उद्या कुणीही तुमचा आवाज काढून मागेल.

पेन्शनचं काय? श्रावणबाळला अर्ज केला, नामंजूर झाला.

बहुतेक उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलं असणार. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांपुढच्यांसाठी आहे, महिना १५०० रुपये, जुलै २०२३ पासून, त्याआधी हजार होते. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये. वर्षाला! म्हणजे महिन्याला १७५०. शेतातली बाईची मजुरी दिवसाला ३०० धरली तर सत्तर दिवस कामाला गेली की ती बाई सरकारच्या लेखी गरीब राहत नाही. मग काय होतं, तलाठ्यापासून सगळ्यांना माहीत असलेला खोटा आकडा दाखल्यावर येतो, आणि जो प्रामाणिकपणे तीस हजार सांगतो त्याचा अर्ज बाद. प्रामाणिक माणसाला बाद करणारी अट बदला म्हणून आम्ही दरवर्षी निवेदन देतो, आवक क्रमांक मिळतो.

केंद्राचा हिस्सा तर ऐकाच. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाला केंद्र महिन्याला २०० रुपये देतं. २००७ साली २०० होते, आजही २०० च. ८० च्या पुढं ५००. राज्य स्वतःचे घालतं म्हणून पंधराशे होतात.

आणि मंजूर झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला जायचं. आधारवर बोटांचे ठसे लागत नाहीत, आयुष्यभर खुरपं, कोयता, भांडी, बिडी वळणं ह्यात रेषाच झिजून गेलेल्या असतात. बँकेच्या सेवा केंद्रात एका आजींची दहाही बोटं लावून झाली, ओल्या फडक्यानं पुसून झाली, पोरगं म्हणालं, "आजी, मशिनला तुम्ही दिसतच नाही." तो चेष्टेनं म्हणाला, त्या हसल्या पण. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे का विचारा, नाहीतर तहसीलला स्वतः नेऊन लेखी द्या. पेन्शन थांबली आणि कारण कळत नसेल तर सरळ माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तोंडी विचारून उपयोग होत नाही.

ईपीएस-९५ वाल्यांचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतल्या कामगारांचं, वेगळं. त्यांची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपये, आणि साडेसात हजार करा म्हणून बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषण चालवलं गेलं. एसटीचे, साखर कारखान्याचे, सूतगिरणीचे निवृत्त कामगार ह्यात आहेत. त्या लोकांकडून आम्ही चिकाटी शिकलो.

गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत की. ते का नाही लढत?

काही लढतात. फेस्कॉम, म्हणजे राज्यभरातल्या संघांचा महासंघ, १९८० पासून आहे, आणि ज्येष्ठांचं धोरण, साठ वर्षांची व्याख्या ह्यासाठी संघांनी पाठपुरावा केलाय. राज्याच्या आधीच्या सवलती ६५ ला सुरू व्हायच्या, २०१८ च्या धोरणात ज्येष्ठ म्हणजे ६० असं आलं.

पण आपल्या माणसांबद्दल बोलायचं तर बोलूया. बहुतेक संघात कोण असतं? निवृत्त शिक्षक, बँकवाले, ग्रामसेवक, पेन्शनीत सुखरूप असलेले पुरुष. वाढदिवस, हास्यक्लब, सहल, कोजागिरी, एखादं व्याख्यान. ह्यात वाईट काही नाही, एकटेपणावर ते औषधच आहे. पण ज्या बाईला श्रावणबाळ मिळत नाही ती ह्या खोलीत येत नाही. वर्षाची वर्गणी तिला जड जाते, आणि सगळे पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यात खुर्च्यांवर बसलेले असताना आपण कुठं बसायचं हे तिला कळत नाही. एकदा आम्ही निराधार बायकांची बैठक संघाच्या हॉलमध्ये घेतली तर पाच-सहाजणी भिंतीला टेकून खालीच बसल्या, खुर्च्या रिकाम्या होत्या तरी. पुढच्या वेळी आम्ही खुर्च्या काढून सतरंजी घातली, अध्यक्षांसकट सगळे खाली. त्यांचे गुडघे दुखले, कुरकुर झाली.

त्यामुळं मागण्यांची यादीसुद्धा तशीच होते. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के होती, ती परत द्या ही मागणी प्रत्येक निवेदनात पहिली. हवीच आहे ती. पण जी बाई कधी रेल्वेत बसलीच नाही तिची २१ हजारांची अट यादीत नवव्या नंबरला असते.

निष्काळजी मुलांचे पगार कापले पाहिजेत, तुम्ही ही मागणी का करत नाही?

लातूर जिल्हा परिषदेनं हे करून बघितलंय, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून पालकांच्या खात्यात टाकायचा ठराव, आणि २०२१ च्या सुरुवातीला काही जणांचे कापलेही. आसाममध्ये २०१७ चा कायदाच आहे, तिथं सरकारी नोकराचे दहा टक्के, आणि घरात दिव्यांग भावंड असेल तर पंधरा. मला पद्धत आवडते कारण वसुलीची कटकट संपते. पण पगार कापायला आधी पगार पाहिजे. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेकांची मुलं टेम्पोवर, सेंट्रिंगवर, नाहीतर दुष्काळी चार एकर कोरडवाहूवर. काही मुलांकडं खरंच नसतं हो. त्या घरात हक्क कुणाकडं मागायचा? तिथं तो सरकारकडंच मागायला लागतो, पंधराशेच्या पेन्शनमध्ये. म्हणून आम्ही "मुलं वाईट झाली" हे भाषण देत नाही. व्यासपीठावर त्याला टाळ्या भरपूर पडतात, विशेषतः पुढाऱ्यांच्या भाषणाला, कारण त्यात सरकारला एक पैसा खर्च नाही.

पुढारी ऐकतात का?

निवडणुकीच्या आधी तीन महिने फार ऐकतात. ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत झाली, तिचा खरंच उपयोग होतो, आमच्या बाजारच्या दिवशीची अर्धी गर्दी त्यावर आहे. २०२४ साली वयोश्री आली, चष्मा-काठी-कमरेचा पट्टा असल्या वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये, आणि तीर्थदर्शनही आलं. ७० च्या पुढच्यांना आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट नाही, ते मात्र काढून घ्याच. एकदाच द्यायचं आणि फोटो निघतो असं काही असेल तर लवकर मंजूर होतं, दर महिन्याला द्यायचं म्हटलं की वित्त विभाग आडवा येतो, हा आमचा अनुभव. आणखी एक, २०११ नंतर जनगणनाच नाही. तेव्हा राज्यात साठीपुढचे साधारण एक कोटी अकरा लाख होते, आता किती हे अंदाजानं सांगायचं, आणि अंदाजावर बजेट मिळत नाही.

निधी कुठून आणता?

मिळतच नाही म्हणा. कंपनी कायद्याच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांची डे केअर केंद्रं चक्क लिहिलेली आहेत, म्हणजे इमारत बांधत असाल तर बोला. अर्ज लिहिणं, सुनावणीला जाणं ह्याला पैसे द्यायला कुणी तयार नसतं. एका कंपनीच्या माणसानं आम्हाला विचारलं होतं, "लहान मुलांवर खर्च केला तर पुढं साठ वर्षं रिझल्ट दिसतो, इथं काय?" मी काही बोलले नाही, चहा घेतला आणि निघाले. सध्या झेरॉक्स आणि गाडीभाड्याला महिन्याला जे तीन-चार हजार लागतात ते आम्ही आपसात काढतो.

मला तुमच्याबरोबर यायचंय. काय यायला लागतं, आणि येताना काय आणू?

मोठ्या अक्षरात स्वच्छ मराठी लिहिता यायला पाहिजे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी ओरडल्यासारखं न वाटता मोठ्यानं बोलता यायला पाहिजे, हे वाटतं तितकं सोपं नाही. आजोबांना "अरे-तुरे" करणाऱ्या कारकुनावर न चिडता आपण "आजोबा, तुम्ही बसा" असं त्याच्यासमोर म्हणायचं, तो तिसऱ्या वाक्याला "अहो"वर येतो.

बरोबर शाईचा पॅड आणा, ऑफिसातला वाळलेला असतो. जादाचा वाचायचा चष्मा आणा, दोन नंबरचा, बरेच जण घरी विसरून येतात आणि न वाचता अंगठा देतात. पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा. आणि डबा आणाच, दोघांना पुरेल एवढा, जेवणाची सुट्टी दीडला होते आणि टेबलावर माणूस तीनला येतो.